मागच्या मोटारींतले सोबती

सायकलची शर्यत म्हटली म्हणजे पाहणाऱ्याची नजर सहजच पुढें वाकून पायडल मारणाऱ्या स्वाराकडे जाते, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु अमेरिकेंत जून महिन्यांत होणारी एक शर्यत अशी आहे कीं, तिच्या मार्गावर रात्रीं कॅन्ससच्या माळरानांत कोणी उभा राहिला, तर त्याला प्रथम स्वार दिसतच नाहीं. दिसतात ते एका मोटारीवर लुकलुकणारे पिवळे दिवे. मोटार बैलगाडीहून थोड्या अधिक वेगानें पुढें सरकत असते. ती जवळ आली म्हणजे तिच्या दिव्यांच्या झोतांत, चार पावलें पुढें, एक मनुष्य सायकल चालवीत असलेला दृष्टीस पडतो. त्या झोताबाहेर जाण्याची त्याला मुभा नाहीं. मोटार बिघडली तर त्यालाही थांबावें लागतें, मग पायांत कितीही बळ असो. मोटारींत सामान्यतः तिघे जागे असतात. एक चालक, दुसरा मार्ग पाहणारा, आणि तिसरा बाटल्यांतून कांहींतरी कालवीत बसलेला. मराठींत ‘पाठीराखा’ असा एक जुना शब्द आहे. तो बहुधा देवाला किंवा वडील भावाला लावतात. येथें मात्र तो अक्षरशः खरा ठरतो.

या शर्यतीचें नांव ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’. १९८२ सालीं जॉन हॉवर्ड, लॉन हॅल्डमन, मायकेल शर्मर आणि जॉन मॅरिनो असे चौघे गृहस्थ कॅलिफोर्नियांतील सांता मोनिकाच्या धक्क्यावरून निघाले आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीशीं पोहोंचले. हॅल्डमन पहिला आला. त्याला ९ दिवस २० तास लागले. पुढें मार्ग बदलत गेला. पुष्कळ वर्षें ती कॅलिफोर्नियांतील ओशनसाइड येथून निघून मेरीलंडमधील अ‍ॅनापोलिस येथें संपत असे. अंतर सुमारें ४,८०० किलोमीटर. मुंबईहून कलकत्त्यास रस्त्यानें जाऊन परत आलें, तरी एवढें अंतर भरावयाचें नाहीं. एकट्या स्वारास मुदत १२ दिवसांची.

फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीशीं हिची तुलना करण्याचा मोह होतो, पण दोघींची जात निराळी. तेथें दिवसाचा टप्पा संपला म्हणजे घड्याळ थांबतें. स्वार जेवतो, अंग रगडून घेतो आणि बिछान्यावर निजतो. येथें घड्याळ एकदां सुरू झालें कीं समुद्र येईपर्यंत थांबत नाहीं. थोडा हिशेब करून पाहावा. बारा दिवसांत ४,८०० किलोमीटर म्हणजे दिवसास ४००. चढ, वारा आणि थकवा धरून ताशी सरासरी २० किलोमीटर पडले, तर सायकलीवरच वीस तास जातात. उरलेल्या चार तासांत झोंप, जेवण, कपडे बदलणें, जखमांना मलम लावणें आणि देहधर्म हें सर्व बसवावयाचें. झोंपेच्या वांट्याला दीड-दोन तास आले तर तें पुष्कळच. या आंकड्यांकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, ही शर्यत एका माणसाच्या आवांक्यांतली नाहींच. बाटली शोधण्यांत दोन मिनिटें, मोजे शोधण्यांत तीन मिनिटें, अशीं दिवसाकाठीं तीस मिनिटें गेलीं, तर तेवढी झोंप गेली. म्हणून एकट्या स्वाराच्या मागें आठ-दहा माणसें आणि दोन-तीन मोटारी असतात. या माणसांत पगारी असे फारच थोडे. बाकीचे मित्र, भाऊ, बहिणी, पत्नी. आपली रजा खर्चून आणि पुष्कळदां आपल्याच खिशांतून विमानाचें भाडें भरून आलेले.

अशा मदतीची चाल शर्यतींइतकीच जुनी आहे. १८९१ सालीं ‘ल पेतीत जूर्नाल’ या पत्रानें पॅरिसपासून ब्रेस्टपर्यंत आणि परत अशी सुमारें १,२०० किलोमीटरांची शर्यत लाविली. ती शार्ल तेराँ यानें ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. त्याच्यापुढें असलेला स्वार रात्रीं विसावा घेत असतां तेराँ त्याला मागें टाकून गेला. त्या शर्यतींत ठिकठिकाणीं वेग राखून देणारे सोबती घेण्याची परवानगी होती. म्हणजे जागा कोण राहतो आणि जागें कोण ठेवतो, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

आतां अमेरिकेंतील त्या मोटारींत काय चालतें तें पाहूं. पहिल्याच दिवशीं वाळवंट लागतें. पारा चाळीस अंशांच्या वर जातो. सोबती लांब मोज्यांत बर्फाचे खडे भरून ते स्वाराच्या मानेवर ठेवतात. तो वितळतो तों दुसरा तयार असावा लागतो. केवळ पाणी पाजीत राहिलें तर रक्तांतील मिठाचें प्रमाण घटून मनुष्य भ्रमिष्ट होतो, प्रसंगीं प्राणासही मुकतो. म्हणून पाणी किती आणि क्षार किती याची नोंद वहींत तासागणिक करावी लागते. लघवी केव्हां झाली, तिचा रंग कसा होता, हेंही त्या वहींत असतें. घरांत आजाऱ्याची शुश्रूषा केलेल्या कोणाही गृहिणीला ही वही ओळखीची वाटेल. स्वाराच्या अंगांतून दिवसाला आठ-दहा हजार कॅलरी खर्च होतात, म्हणजे कष्टाळू माणसाच्या आहाराच्या दुपटीहून अधिक. एवढें अन्न चावून खाणें शक्य नसतें. बरेंचसें पातळ करून पाजावें लागतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तोंड आंतून सोलपटतें, जीभ चव सोडते, आणि काल आवडीनें घेतलेला पदार्थ आज पाहतांच स्वार तोंड फिरवतो. तेव्हां त्याच्याशीं लाडीगोडीनें बोलावें कीं दरडावावें, हें आहारशास्त्राच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. तेथें वर्षानुवर्षांची ओळखच उपयोगी पडते.

कोलोरॅडोंत रॉकी पर्वत ओलांडतांना मार्ग ‘वुल्फ क्रीक’ खिंडीवरून जातो. तिची उंची १०,८५७ फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षां थोडी अधिक. दोन दिवसांपूर्वीं बर्फ मागणारा स्वार येथें हातमोजे मागतो. ते मोजे कोणत्या पेटींत आहेत हें अंधारांत, झोंपेनें जड झालेल्या डोळ्यांनीं सांगतां आलें पाहिजे. जाणते लोक पेट्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवितात, आणि एखाद्यानें वस्तु जागच्या जागीं न ठेवल्यास पथकांत जें भांडण होतें, तें नव्यानें संसार मांडलेल्या घरांतील भांडणाहून कमी नसतें. पुढें कॅन्ससचा सपाट मुलूख. येथें चढ नाहीं, वळण नाहीं, सांवली नाहीं. वारा मात्र आहे. डोंगरांत न थकलेलीं माणसें येथें थकतात.

याच सुमारास मान जाते. दिवसचे दिवस वाकून बसून पुढें पाहिल्यामुळें मानेचे स्नायू एकाएकीं निकामी होतात आणि डोकें छातीवर कोसळतें. तें पुन्हा उचलतां येत नाहीं. हा विकार १९८३ च्या शर्यतींत वर सांगितलेल्या मायकेल शर्मर याला झाला, म्हणून तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. पायांत शक्ति आहे, छाती ठीक आहे, पण समोरचा रस्ता दिसत नाहीं. मग सोबती पट्टे, नळ्या आणि रबरी दोऱ्या घेऊन मानेला आधार देण्याच्या खटपटीस लागतात. हे त्यांचे रस्त्याच्या कडेचे शोध पाहिले तर एखाद्या अस्थिवैद्यालाही नवल वाटावें. २०२१ सालीं लीआ गोल्डस्टाइन ही बाई पुरुषांनाही मागें टाकून या शर्यतींत सर्वांत पहिली आली. असा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री. तिलाही याच विकारानें गांठलें होतें, आणि तशा अवस्थेंत ती शेवटपर्यंत गेली.

येथपर्यंतचें काम कष्टाचें खरें, पण तें सरळ आहे. अवघड भाग याच्या पुढचा. चार-पांच रात्री झोंपेवांचून गेल्या म्हणजे माणसाची बुद्धि त्याला सोडून जाऊं लागते. स्लोव्हेनियाच्या सैन्यांतील यूरे रोबिच यानें ही शर्यत पांच वेळां जिंकली. त्याच्याविषयीं प्रसिद्ध आहे कीं, बंदुका झाडीत घोडेस्वार आपला पाठलाग करीत आहेत असा भास त्याला होई, आणि त्याचे सोबती तो भास खोडून न काढतां ‘होय, ते जवळ आले, जोरानें चालव’ असें सांगत. कधीं तो सायकल टाकून रस्त्याकडेच्या टपालपेटीशीं मारामारी करावयास जाई. ठराविक टप्प्यानंतर निर्णय त्याच्याकडे ठेवावयाचेच नाहींत, असें त्यांनीं शर्यतीपूर्वींच ठरविलेलें असे. केव्हां निजावें, केव्हां उठावें, काय खावें हें ते ठरवीत. त्यानें फक्त चाकें फिरवावींत. विजयाच्या दृष्टीनें ही व्यवस्था अचूक होती यांत शंका नाहीं.

पण ती मैत्रीच्या दृष्टीनें कशी? ज्याला आपण कोठें आहोंत हें कळत नाहीं, त्याला एक तासाच्या झोंपेंतून उठवून पुन्हा सायकलीवर बसविणारा मनुष्य त्याचा मित्र कीं वैरी? उठविलेला स्वार पुष्कळदां शिव्या देतो, रडतो, घरीं जावयाचें म्हणून हट्ट धरतो. सोबत्यानें काय करावें? त्याच्यापाशीं दोन वचनें असतात. एक सहा महिन्यांपूर्वीं, शुद्धीवर असतांना मित्रानें घेतलेलें: ‘मी नाहीं म्हणालों तरी मला थांबूं देऊं नका.’ दुसरें न बोलतां दिलेलें: याला जिवंत आणि धड घरीं न्यावयाचें. बहुतेक वेळ हीं दोन्हीं एकाच दिशेनें चालतात. एखाद्या रात्रीं तीं फुटतात, आणि तेव्हां कोणतें पाळावें हें सांगणारा नियम नाहीं. स्वाराला पुढील गांव दहा किलोमीटरांवर आहे असें सांगावयाचें आणि प्रत्यक्षांत तें वीसावर असावयाचें, अशीं लहानसहान असत्यें या मोटारींत सर्रास चालतात. कांहीं पथकें तीं निषिद्ध मानतात. त्यांचें म्हणणें असें कीं, एकदां खोटें उघडकीस आलें म्हणजे ‘थोडें पाणी पी’ हें सांगणेंही स्वाराला खोटें वाटूं लागतें. या दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक सुज्ञपणाचें दिसतें. ज्याची स्वतःची बुद्धि थकली आहे, त्याला दुसऱ्याच्या शब्दावांचून आधार नसतो.

थांबविण्याचा निर्णय तर याहून कठीण. दुखणें आणि इजा यांतील भेद ओळखावा लागतो. फोड, सुजलेले गुडघे, बधिर झालेलीं बोटें हें दुखणें; तें सोसण्याची तयारी करूनच स्वार आलेला असतो. परंतु श्वास घेतांना छातींत घरघर, अडखळणारी वाचा, रस्ता सोडून भलतीकडे वळणारें चाक हें निराळें. ज्याच्या हातीं हा निर्णय, त्याला ‘पथकप्रमुख’ म्हणतात. चांगला पथकप्रमुख बहुधा स्वाराचा सर्वांत जिवलग मित्र नसतो, असें जाणते सांगतात. जिवलगाला मित्राचें रडणेंही पाहवत नाहीं आणि त्याचें स्वप्न मोडणेंही. तरी या म्हणण्याला अपवाद आहेत. नव्या मुंबईच्या कबीर राचुरे यानें २०१९ सालीं ही शर्यत एकट्यानें मुदतींत पुरी केली, तेव्हां त्याच्या पथकाची धुरा त्याच्या सख्ख्या बहिणीनें वाहिली होती. भावाला रागावण्याचा बहिणीचा हक्क आपल्याकडे कोणी नाकारीत नाहीं. तो तेथें उपयोगी पडला असल्यास नवल नव्हे.

महाराष्ट्राचा या शर्यतीशीं असलेला संबंध एवढाच नाहीं. २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं दोघांचा संघ करून ती नऊ दिवसांच्या मुदतींत पार केली. तें करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ सालीं लष्करांतील डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ, यांनीं ती एकट्यानें पुरी करणारे पहिले भारतीय म्हणून मान मिळविला, आणि त्यांच्या मागोमाग त्याच वर्षीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोंचले. इकडून जाणाऱ्या सोबत्यांना एक अडचण जास्त. डाव्या बाजूनें मोटार हांकण्याची सवय असलेल्या माणसानें उजव्या बाजूनें, अनोळखी रस्त्यावर, झोंपमोड झालेल्या स्थितींत, आपल्याच मित्राच्या चाकामागें चार पावलांवर मोटार ठेवावयाची. पाय एकदां चुकीच्या ठिकाणीं पडला तर काय होईल, हा विचार चालकाच्या मनांतून जात नाहीं.

संकट मागूनही येतें. २००३ सालीं ब्रेट मॅलिन हा स्वार न्यू मेक्सिकोंत, आणि २००५ सालीं बॉब ब्रीडलव्ह हा कोलोरॅडोंत, मोटारीशीं टक्कर होऊन मृत्यु पावले. २०१३ सालीं मारिया पार्कर हिच्यामागें चाललेल्या पथकाच्या मोटारीला एका मद्यधुंद चालकानें धडक दिली. तो आघात मोटारीनें सोसला, नाहीं तर तो स्वाराच्याच पाठीवर यावयाचा. शर्यत तेथेंच संपली असें सर्वांना वाटलें. पुढें सामानाची जुळवाजुळव होऊन ती पुन्हा निघाली, आणि त्या वर्षीं स्त्रियांमध्यें पहिली आली. पाठीमागच्या मोटारीचा उपयोग केवळ उजेडापुरता नाहीं, हें या प्रसंगावरून कोणाच्याही लक्षांत यावें.

म्हणून ज्या पथकाचे प्रमुख शहाणे असतात, ते स्वाराच्या झोंपेपेक्षां चालकाच्या झोंपेची अधिक काळजी वाहतात. आठ तासांची पाळी संपली कीं मनुष्यानें निजलेंच पाहिजे. ‘मला झोंप येत नाहीं, मी बसतों सोबतीला’ असें म्हणणाऱ्याला ते हात धरून मागच्या गाडींत पाठवितात. नवख्या मित्रांना हें पटत नाहीं. मित्र जागा असतांना आपण निजावयाचें, हा त्यांना द्रोह वाटतो. पहिले दोन दिवस ते सर्वजण जागतात, आणि चौथ्या दिवशीं, जेव्हां त्यांची खरी गरज असते, तेव्हां एकाचाही हात स्थिर नसतो.

इतक्या दूर न जातांही हें काम शिकतां येतें. पुण्याहून सह्याद्रीच्या घाटांतून गोव्यापर्यंत सुमारें ६४० किलोमीटरांची एक शर्यत कांहीं वर्षांपासून होऊं लागली आहे. अमेरिकेस जाण्याची पात्रता तींत मिळवितां येते. तेथें मोटारींत बसलेले तरुण एका रात्रींत पुष्कळ शिकतात: भिजवलेल्या शेंगदाण्यांपेक्षां मऊ भात बरा, स्वाराशीं बोलतांना प्रश्न विचारूं नयेत, कारण ‘काय हवें?’ याचें उत्तर शोधणेंही त्याला जड जातें, हातांत वस्तु द्यावी. आणि घाटांत उतारावर मोटार फार जवळ नेऊं नये.

याच्या अगदीं उलट प्रकार पॅरिस–ब्रेस्टच्या मार्गावर आजही पाहावयास मिळतो. ती आतां चार वर्षांतून एकदां होते आणि तिला शर्यत म्हणत नाहींत. ९० तासांत वाटचाल पुरी करावयाची, एवढेंच. तेथें मागें मोटार ठेवण्यास बंदी आहे. मित्रांना भेटावयाचें तें ठरलेल्या नाक्यांवरच. पण रस्त्याकडेच्या खेड्यांतील लोक आपल्या दारापुढें मेज मांडून रात्रंदिवस बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी, कॉफी, घरीं केलेल्या धिरड्यांसारख्या पोळ्या देतात, आणि पैसे घेत नाहींत. आषाढांत पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी आणि भाकरी देणारीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हें दृश्य परकें वाटावयाचें नाहीं. २०१९ सालीं भारतांतून तीनशेंहून अधिक स्वार तेथें गेले होते. त्यांची भाषा त्या खेडुतांना येत नव्हती आणि खेडुतांची त्यांना. पेला पुढें करण्यास भाषा लागत नाहीं. मात्र हे यजमान एका स्वाराला दोन मिनिटें पाहतात आणि निरोप देतात. त्यांना त्याच्या वतीनें कांहीं ठरवावें लागत नाहीं. तो भार त्या अमेरिकेच्या मोटारींतल्या लोकांवरच.

शर्यत संपते तो क्षण बहुधा साधाच असतो. मध्यरात्र असते, गर्दी नसते. एक कमान, थोडे लोक, एखादें छायाचित्र. स्वाराला व्यासपीठावर चढवून धरावें लागतें. त्याला अनेकदां मधले दोन-तीन दिवस आठवतच नाहींत. आपण कोणाला काय बोललों, कोणावर बाटली फेंकली, कोणत्या पुलाजवळ मुलासारखे रडलों, हें त्याला दुसऱ्याकडून ऐकावें लागतें. आणि चांगले सोबती त्यांतलें निम्मेंच सांगतात. ती वही मात्र राहते. तींत दर तासाचें पाणी, मीठ, झोंपेचीं मिनिटें, आणि मधून मधून बदलणारीं अक्षरें. पाळी कोणाची होती तें त्यावरून कळतें. स्वार दोन दिवस सलग निजतो. इतरांना तसें करतां येत नाहीं. भाड्याच्या मोटारी दुसऱ्या दिवशीं परत करावयाच्या असतात, आणि त्यांच्या जाजमांवर बारा दिवसांचें सांडलेलें सरबत वाळून घट्ट झालेलें असतें.